बिनकवेलूचं घर

आंबागड, ता. ६ मार्च १९८३

चि. भोजराज यास रंभाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कायले धाडले रे असे फोटो? फॅक्टरीनं ट्रेनिंगले जर्मनीत पाठवलं, तिथली नावाजलेली घरं पाहून सांगतो म्हणाला, म्हणून माझ्या नव्या घराच्या भिंती उघड्या ठेवून बसली. अन् तुझ्या फोटोतल्या घरांले छप्परच नाही! मले वाटलं, पावसाळ्याआधी नीट रचून फेरणी कराले छपरावरचे कवेलू उतरवले असतील. तिकडंही माकडं फोडत असतील. चारचौघींत तसं सांगूनही बसली. मारोतराव सरपंच पोट धरून हसले. म्हणाले, अर्धवट घरं पाहाले तुझा भाऊ इतक्या दूर गेला काय? म्हटलं, जवाहरनगरच्या फॅक्टरीनं निवडून धाडला तो माझा भाऊ, तुमचा नाही. तुझे भाऊजी बिडी ओढत बसले. खरं काय ते लिही. जेवत जा. आमची आठवण पातळ होऊ देऊ नको.

रंभाबाई

स्टुटगार्ट, ता. २३ मार्च १९८३

ती. बाईस भोजराजचा शि. सा. न. वि. वि.

बाई, घरं पुरी आहेत. या वस्तीला वाइसेनहोफ म्हणतात. साध्या माणसानं कसं राहावं, ते देशोदेशीच्या इंजिनेरांनी १९२७ साली बांधून दाखवलं. गच्ची सपाट, भिंती पांढऱ्या, खिडक्या लांबच लांब. तेव्हा इथलेही लोक हसले होते. आज लांबून पाहायला येतात. मी दोनदा गेलो. एका म्हातारीनं आत बोलावून स्वयंपाकघर दाखवलं. सगळं हाताशी, अन् उजेड केवढा! तुझी अंधारातली चूल आठवली. माकडं इथं नाहीत, पण असती तरी फोडायला काही नाही. भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा भोजराज

आंबागड, ता. १० एप्रिल १९८३

चि. भोजराज यास आशीर्वाद.

पत्र पावलं. मले वाचता येते, पण सरपंचाच्या ओट्यावर शाळेतल्या सुलोचनाबाईकडून मोठ्यानं वाचून घेतलं. सारे फोटो पुन्हा पाहाले मागू लागले! धनीराम गवंड्याले सांगितलं, कवेलू नको, सपाट स्लॅब टाक. चुलीपाशी भिंतभर खिडकी. वर मी मोहफुलं वाळवीन. तो म्हणते, असं घर आंबागडात कोणी बांधलं नाही. म्हटलं, म्हणूनच बांध. जाणारा-येणारा थांबून पाहून राहिला. मी सांगते, माझ्या भावानं जर्मनीत पाहून पसंत केलं.

पण गच्चीवरचं पाणी जाते कुठं, हे काहून नाही लिहिलं? धनीराम तिथंच अडला. सरपंच म्हणतात, पावसाच्या पहिल्याच झडीत रंभाबाईच्या गच्चीवर धानाची रोवणी होईल. त्या म्हातारीच्या घरी पुन्हा जा, लाजू नको, वर चढून पाह. उतार कोणीकडं, नळी कुठं, चित्र काढून धाड. स्लॅब अक्षय तृतीयेले टाकणं आहे. माया आहेच, ती लिहाले जागा नाही. त्या दिवसाच्या आत उत्तर माझ्या हातात पाहिजे.

रंभाबाई