मामाने काढलेले नऊशे बारा फोटो

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.१०
पाडव्याला घेतलेला कॅमेरा आज फुल चार्ज झाला. सोबतचं मॅन्युअल तीनशे अठ्ठावीस पानांचं आहे. वाचायचं नाही असं ठरवलं. पुस्तक वाचून कोणाला पोहता येत नाही.
संकल्प: सहा महिन्यांत घाटकोपरमधला नाव घेण्यासारखा फोटोग्राफर. साकीनाक्याला व्हॉल्व्हच्या कंपनीत परचेस बघायचो, हे पुढे मुलाखतीत सांगायला बरं पडेल.
पहिला फोटो: खिडकीतलं जास्वंद. जरा मऊ आलं. स्वप्नात असल्यासारखं. कुंदा म्हणाली, धूसर आलंय. बावीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून तिची नजर तयार व्हायला हवी होती.

२ नोव्हेंबर, रविवार
'घाटकोपर फोटो कट्टा' जॉईन केला. दर रविवारी दहाला एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतात. प्रत्येकाचा एक फोटो भिंतीवर दाखवतात आणि बाकीचे अभिप्राय देतात. चालवणारे रतन सर. चाळीस वर्षं त्यांचा स्टुडिओ होता, अर्ध्या घाटकोपरचे पासपोर्ट फोटो त्यांनी काढलेत. नियम एकच: आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग एक सुधारणा.
जास्वंद लावलं. रतन सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, मागच्या बिल्डिंगमध्ये वाळत घातलेलं बनियन फार सुरेख आलंय, शिलाईसुद्धा दिसते. सुधारणा म्हणजे, फूल पण दिसलं तर बरं होईल.
'शिलाईसुद्धा' हा शब्द घरी येऊन लाल शाईने लिहून ठेवला. सुधारणा नीट ऐकू आली नाही. पंखा चालू होता.

८ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे ५.४०
आरे कॉलनीत चाललोय. बिबट्या.

त्याच दिवशी, सकाळी ११
बिबट्या आला नाही. म्हैस आली. लो अँगलसाठी जमिनीवर पालथा पडलो. जमीन नव्हती, असं नंतर कळलं. पँट कुंदाने घरात घेऊ दिली नाही. फोटो मात्र झकास. म्हैस थोडी धुक्यासारखी आहे, पण तीच तर मजा.

९ नोव्हेंबर, रविवार
कट्ट्यावर म्हैस दाखवली. रतन सर म्हणाले, लांबच्या बसचा नंबर अगदी स्वच्छ वाचता येतो. आभार मानले. मग ते म्हणाले, जरा कॅमेरा डोळ्याला लावून दाखवा. लावला. ते बाजूने वाकून बघत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, जयवंतराव, तुमचं नाक मध्ये येतंय.
मी सरळ उठलो आणि घरी आलो. कलेवरची टीका घेईन, घराण्यावरची नाही. हे तोरसकरांचं नाक आहे. माझे आजोबा गिरणीच्या गेटातून बाहेर पडले की पलीकडच्या फुटपाथवरून लोक हाक मारायचे, ती नाकावरून.
कुंदाला सांगितलं. ती हसली, मग खोकला आल्यासारखं केलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
कट्ट्यावर गेलो नाही. तोंड आलंय असा मेसेज टाकला. संध्याकाळी चार बटाटेवडे खाल्ले, ते तोंडाची परीक्षा म्हणून.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मुलुंडहून शकुताईचा फोन. माझी एकुलती एक भाची अक्षता, तिचा साखरपुडा तीस तारखेला. फोटोला श्वेता नावाची कोणी फोटोग्राफर सांगितलीये. मी म्हटलं, घरचा मामा असताना बाहेरची श्वेता कशाला? ताई गप्प झाली. भारावली असणार. मग म्हणाली, ती पोरगी चांगली काढते रे. मी म्हटलं, ताई, मी आता बनियनची शिलाई टिपतो, भाचीचं हसू टिपणार नाही होय?
अक्षताने फोन घेतला. म्हणाली, मामा, तू मस्त एन्जॉय कर ना त्या दिवशी. मी म्हटलं, फोटो काढणं हेच माझं एन्जॉय.
शेवटी ताईने श्वेताला नको म्हणून कळवलं. आमच्या ताईला लहानपणापासून मला 'नाही' म्हणता येत नाही, हा तिचा मोठा गुण.
कुंदा कपाळाला हात लावून बसलीये. डोकं दुखत असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार
कट्ट्यावर जाऊन मोठ्या मनाने रतन सरांना माफ केलं. त्यांना कशाबद्दल ते लक्षात आलं नाही. साखरपुड्याचं सांगितल्यावर ते जरा घाबरलेच. म्हणाले, स्क्रीनचा टच बंद करून घ्या, दोन मिनिटांचं काम, द्या इकडे, मी करून देतो. मी म्हटलं, आपल्या हाताने शिकणाऱ्यातला माणूस आहे मी. तर त्यांनी कुठून जाऊन काय बंद करायचं ते चिठ्ठीवर लिहून माझ्या खिशात घातलं.
शर्ट धुवायला गेला.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८
आज. दोन बॅटऱ्या, तीन कार्ड. खिसेवाला नवीन जाकीट. कुंदा म्हणाली, मच्छीमार दिसतोस. कौतुकाची तिची पद्धत.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
नऊशे बारा फोटो!
अंगठ्या तीन वेळा घालायला लावल्या, तीन अँगलने. नवरामुलगा हर्षद फार समजूतदार. तिसऱ्या वेळी गुरुजी मात्र घड्याळ बघत होते. अक्षताच्या मैत्रिणी सारख्या मोबाईल उंच करत होत्या. मी माईकवरून सांगितलं, सगळ्यांनी मोबाईल खिशात ठेवावेत, फ्रेम खराब होते. सगळ्यांनी ठेवले. शिस्त लावावी लागते.
अक्षता फार गोड दिसत होती. डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे काही फोटो अंदाजाने काढले.

१ डिसेंबर, सोमवार. ऑफिसला रजा
फोटो कॉम्प्युटरवर बघतोय.
पहिले शंभर: हात बसत होता.
दुसरे शंभर: हात बसत होता.
पाचशेपर्यंत आलो. अक्षता आणि हर्षद सगळीकडे इडलीपात्रातल्या वाफेसारखे. उजवा वरचा कोपरा मात्र लख्ख. त्या कोपऱ्यात एक पाटी आहे: 'हॉलमध्ये तांदूळ उधळू नयेत'. पाटीखाली खुर्चीत हर्षदची देवगडची आजी, सोनूबाई. आजी जांभई देताना. आजी डुलकी घेताना. आजी पेढा खाताना. आजी दुसरा पेढा रुमालात बांधताना. कानातल्या कुड्यांचा एकेक मोती मोजता येतो.

त्याच दिवशी, दुपारी ३
नऊशे बारा बघून झाले. सगळे तसेच.
कॅमेऱ्यातच दोष असणार म्हणून आरशासमोर उभा राहिलो. डोळ्याला लावला. आतमध्ये फोकसचा एक छोटा हिरवा चौकोन असतो. नाक स्क्रीनला टेकलं, की तो टुणकन उजव्या कोपऱ्यात जातो. नाक उचललं. चौकोन मध्ये आणला. नाक टेकलं. टुणकन.
अकरा वेळा करून बघितलं.
हवेतल्या दमटपणानेही होत असेल.

४ डिसेंबर, गुरुवार
मुलुंडला जाऊन फोटो दाखवले. आधी कट्ट्याचा नियम समजावून सांगितला. अक्षताने चाळीसेक फोटो बघितले. म्हणाली, चांगली गोष्ट म्हणजे, मामा, आजी खूप गोड आल्यात. मग सुधारणा सांगायला तोंड उघडलं आणि एकदम उठून आत गेली.
ताई हळूच म्हणाली, रडतेय. मी म्हटलं, कांदा चिरत असेल. ताई म्हणाली, जयवंता, आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे. घरात कांदा नाही.
कोणाच्याच मोबाईलवर काही नाही. सगळ्यांनी खिशात ठेवले होते.
मुलुंड ते घाटकोपर कॅमेरा पिशवीतून काढला नाही. कुंदाने दोनदा विचारलं, बरं नाही का.

६ डिसेंबर, शनिवार
श्वेताला स्वतः फोन केला. म्हटलं, मी अक्षताचा मामा. ती म्हणाली, हो, ओळखलं. मी म्हटलं, साखरपुडा परत करायचाय. ती म्हणाली, चौदा तारखेला मोकळी आहे.
अक्षताला कळवलं. ती फोनवर हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा, असं ताई म्हणाली.

१४ डिसेंबर, रविवार
दुसरा साखरपुडा पार पडला. ताईच्या सोसायटीचा हॉल. त्याच साड्या, त्याच शेरवान्या. अक्षताच्या बोटातली अंगठी परत घालायची तर आधी निघेना. साबण लावून काढली. गुरुजी दुसरीकडे होते, म्हणून सेक्रेटरी कुंडलिकराव सोवळं नेसून बसले. त्यांना मंत्र येत नव्हते, तेव्हा ओठ हलावेत म्हणून ते पाण्याची टाकी धुण्याची नोटीस पुटपुटत होते. त्यावर अक्षता आणि हर्षद इतके हसले की श्वेता म्हणाली, असंच राहा.
सोनूबाई देवगडला परत गेल्यात. त्यांनी निरोप पाठवला: माजे फोटो बरे इलेत, आता परत कित्याक येव? त्यांच्या जागी कुंदा नऊवारी नेसून पाठमोरी बसली.
मी जाकीट घालून गेलो होतो. कॅमेरा पिशवीतच ठेवला. श्वेताने माझ्या हातात एक मोठी चंदेरी तबकडी दिली. म्हणाली, मामा, उजेड अक्षताच्या चेहऱ्यावर पाडायचा आणि अजिबात हलायचं नाही.
दोन तास धरली. हलवली नाही. मध्ये एक माशी कानावर बसली, ती बसू दिली.
शेवटी श्वेता म्हणाली, मामा, हात एकदम स्थिर आहे तुमचा. ही झाली चांगली गोष्ट. मी सुधारणेची वाट बघत थांबलो. ती सामान आवरून निघून गेली.

२१ डिसेंबर, रविवार
फोटो आले. अंगठी घालतानाचा एक तर असा की ताईने तो देव्हाऱ्याशेजारी लावायचा ठरवलंय. तोच कट्ट्यावर घेऊन गेलो. श्वेताचा आहे हे सांगितलं. त्यात माझाही सहभाग आहे, हेही सांगितलं.
रतन सर उठून भिंतीजवळ गेले. म्हणाले, मुलीच्या चेहऱ्यावरचा उजेड बघा, वा! आणि सुधारणा फक्त एक. डावीकडून कोणाचं तरी कोपर आत आलंय, तेवढं कापून टाका.
घरी येऊन कापलं. फोटो खरंच सुधारला.