क्रमांक दोनच्या खुर्चीवरून मुलाऐवजी मला उठवण्याबाबत

प्रति,
मा. धडे तपासणी अधिकारी,
नवशिक्यांचा संगणक अभ्यासक्रम विभाग.

विषय : ‘घटक काढणे’ या धड्यातील क्रमांक दोन व क्रमांक चार यांच्या जागा बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : दुरुस्तीविषयी आपल्या कार्यालयाचे माझ्या नातीस आलेले पत्र.

महोदय,

आपल्या विभागासाठी ॲरेचे ॲनिमेशन धडे तयार करणारी मुलगी माझी नात आहे. हा अर्ज मी तिला न विचारता करीत आहे, त्याचा दोष तिच्यावर ठेवू नये.

ॲरे म्हणजे एकाला एक लागून असलेली घरे, हे नवशिक्यांना कळावे म्हणून तिने पाच खुर्च्या मांडल्या आणि आम्ही घरी ज्या क्रमाने जेवायला बसत असू, त्याच क्रमाने आम्हालाच त्यांवर बसवले. मोजणी शून्यापासून. शून्यावर माझी पत्नी, एकवर सूनबाई, दोनवर माझा मुलगा म्हणजे तिचे वडील, तीनवर ती स्वतः व चारवर मी. पहिल्या धड्यात उजेड एकेका खुर्चीवर जातो व बसलेला मान डोलावतो. मी अक्षरे उतारवयात शिकलेला माणूस, पण मलाही ते एका बैठकीत समजले. पुढचे धडेही आपण मंजूर केले आणि आता पात्रे बदलू नयेत अशी अट घातली.

‘घटक काढणे’ या शेवटच्या धड्यात कोणाला उठवायचे, हे आपल्या आराखड्यात आधीच छापलेले होते : क्रमांक दोन. आम्हाला बसवण्यापूर्वी तिने ते पान पाहिले नाही. ही चूक तिचीच आहे.

माझा मुलगा कामासाठी म्हणून घराबाहेर पडला, तो परत आला नाही. पत्र नाही, फोन नाही. आहे की नाही, तेही कोणी सांगत नाही. घरात त्याच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. पाहुणा बसू लागला तर सूनबाई हसून दुसरी खुर्ची पुढे करते.

धड्यात तो उठून जातो, खुर्ची रिकामी दिसते, आणि तिथेच नातीचा हात थांबला आहे. आपल्या कार्यालयाने लिहिले की रिकामी जागा फार वेळ दिसते, त्याने ॲरेत मधले घर रिकामे राहते असा नवशिक्यांचा गैरसमज होईल. मागच्यांनी लगेच पुढे सरकावे, आणि शुक्रवारपर्यंत हे न झाल्यास काम दुसऱ्यास देण्यात येईल. आपले म्हणणे रास्त आहे. तिलाही ते मान्य आहे. पण सरकायचे तर पहिल्यांदा तिनेच बापाच्या खुर्चीत बसायचे. रोज ती कॉम्प्युटर सुरू करते, स्वतःच्या चित्रापर्यंत जाते आणि बंद करते. चित्रच आहे गं, सरकव एकदाचं, असे सूनबाई म्हणाली. तर नात म्हणाली, “मग तू बस ना दोनवर.” सूनबाई ताटे उचलून आत गेली.

मोठ्या मेहनतीने मिळवलेले हे काम तिच्या हातचे जाताना मी नुसता बघतो आहे. मी तिला सुचवले की बाबाऐवजी मला काढ, मी तसाही पिकले पान. ती बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, “आबा, तुम्ही शेवटी बसलाय. तुम्ही उठलात तर कुणाला सरकावंच लागत नाही. मुलं शिकणार काय?” माझ्या जाण्याने ओळीत काहीच हलत नाही, हे मला तेव्हा कळले. त्यावरचे उत्तर मला नंतर सुचले, ते येथे मांडतो.

मला दोनवर बसवावे व मुलाला चारवर. पात्रे तीच राहतात, म्हणजे आपली अट मोडत नाही. एक जादा खुर्ची आणून दोघांची अदलाबदल कशी करावी, हे तिच्याच एका धड्यात आहे व त्यावर आपली मंजुरी आहे. मग क्रमांक दोन खुशाल काढावा. लगेच काढावा, रिकामी खुर्ची क्षणभरही दाखवू नये. नात माझ्या जागी बिनघोर सरकेल; लहानपणी ती माझ्याच मांडीवर बसून जेवली आहे. आणि तिच्या मागोमाग माझा मुलगा एक खुर्ची पुढे येईल.

तेवढा तरी तो येताना दिसेल.

शुक्रवारपूर्वी आपल्या होकाराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
धडे करणाऱ्या मुलीचे आबा,
सध्या क्रमांक चार

दिनांक : आज बुधवार

सोबत : पाच खुर्च्यांचे नव्या क्रमाने हाताने काढलेले चित्र.