बंद पोटाचा एच

आबा, मी शिकवतो त्या शाळेत काल एक इंग्रजी निमंत्रणपत्रिका आली. तोच तिरका टाइप, तीच बारीक पायांची, पुढे झुकलेली अक्षरं. मजकूर वाचण्याआधी मी त्यातले सगळे एच तपासले. वीस वर्षं झाली, ही खोड जात नाही.

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, तरी लोणावळ्याच्या त्या छापखान्यात हा टाइप जुळवायला फक्त तुमच्या हाती दिला जायचा. बंगल्यांची निमंत्रणं, हॉटेलातल्या जेवणाची कार्डं, सगळी त्यातच. त्याच्या एफची मान शिशाच्या खिळ्याबाहेर लोंबते, धक्का लागला की मोडते. तुम्ही तो त्याच्या खणात ठेवताना श्वास धरायचात. "उभा टाइप कामाला जातो, ह्यो लग्नाला निगतो," म्हणायचात.

त्या दिवशी मात्र काम दुःखाचं होतं. रेल्वेतला एक साहेब वारला होता, त्याच्या बाईंनी प्रार्थनेची कार्डं छापायला दिली होती. मी कॉलेजच्या सुटीत पुण्याहून आलेलो. मालकांनी प्रूफ तपासायला माझ्यापुढे टाकलं. तुम्ही हात पुसत जवळ आलात.

"ह्यो एच हाय का बी, बग की जरा."

"एचच आहे, आबा. 'इन द हॉल'."

"पर 'द'मधल्या एचचा पाय आत वळला तरी पोट उगडं हाय. ह्याचं बंद दिसतंय."

"शाई भरली असेल."

मालक हसले. "बी.ए. होणाऱ्या पोराला अक्षरं शिकवतोस होय रे?"

"ऱ्हायलं बाबा. तुमी शिकल्याली मानसं." तुम्हीही हसलात. मी प्रूफवर सही केली.

दोन दिवसांनी बाई स्वतः आल्या. कार्ड टेबलावर ठेवून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. हॉलच्या जागी बॉल, म्हणजे साहेबी नाच. नवऱ्याच्या प्रार्थनेला त्यांनी लोकांना नाचायला बोलावलं होतं आणि कार्डं घरोघर पोचली होती.

"कुणी केलं हे?" मालक ओरडतात. माझ्या सहीचं प्रूफ सळईला टोचलेलं आहे, हात लांबवला तर मिळेल इतकं जवळ. तुम्ही माझ्याकडे बघतही नाही.

"माजी नजर चुकली, मालक. बी एचच्या खणात पडला व्हता."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. त्यानंतर तुम्हाला खिळ्यांना हात लावू दिला नाही. शेवटपर्यंत तुम्ही पायाने छपाईचं यंत्र चालवलंत. त्या दिवशी घरी जाताना वाटेत मी काही बोलू लागलो तर म्हणालात, "गप. तुजी परीक्षा हाय." आणि मी गप्प राहिलो. ते मला सोयीचं होतं.

आज त्या सालची रोजनिशी काढली. त्या दिवशी मी लिहिलंय, 'आबांच्या हातून चूक झाली.' ते खोडायला पेन उघडलं आणि हेच लिहीत बसलो. आता हा कागद त्याच पानात ठेवतो. ओळ अजून तशीच आहे. शाईचं म्हणालो ना आबा, तेव्हा मी त्या अक्षराकडे पाहिलंच नव्हतं.