चारही चाकं फिरतात

२ ऑगस्ट, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद हवी. आपला ट्रक फक्त मागच्या दोन चाकांच्या जिवावर चालतो. पुढची दोन आयतोबा, नुसती बरोबर फिरतात. मी त्यांना कामाला लावणार. फोर-व्हील ड्राइव्ह! मुदत पंधरा दिवस.

निमित्त आत्या. टेकडीपलीकडे राहते, अंथरुणाला खिळलीय, बाबांना एकदा येऊन जा म्हणतेय. रस्ता चिखलाचा, बस बंद. बाबा म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, मागे वाळूची चार पोती टाक, वजन आलं की चाक घसरत नाही, तीस वर्षं मी असाच चढवला. जुनी माणसं. हसलो.

५ ऑगस्ट
भंगारवाल्याकडून ताकद घेणारा अॅक्सल आणला. पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा जादा गिअरबॉक्सही. जुना अॅक्सल काढून कापून टाकला, म्हणजे माघार नाही. गॅरेजवाल्याने विचारलं, आधी कधी केलंय का हे काम? शिक्षणाने मी बी.कॉम. असलो तरी स्वभावाने इंजिनिअर आहे, हे याला कोण सांगणार.

११ ऑगस्ट
किरकोळ अडचण. गिअरबॉक्सचा दांडा डावीकडून निघतो, अॅक्सलचं तोंड उजवीकडे. दुपारी झोप काढली. उठल्या उठल्या सुचलं : अॅक्सल पालथा बसवायचा! तोंड आपोआप डावीकडे. गॅरेजवाला ओरडला, पालथा घालू नका, सगळं उलटं होईल. मी विचारलं, चादर पालथी घातली म्हणून झोप उलटी लागते का? पाना खाली ठेवला. निघूनच गेला.

आत्याचा फोन. आवाज खोल गेलाय. बाबांना फोर-व्हील ड्राइव्हमधून आणतो, असं मी ठणकावून सांगितलं.

१७ ऑगस्ट
मुदत काल संपली. मुदत म्हणजे ध्येय, बंधन नव्हे.

आत्याचा तुटका चष्मा बाबांनी मागच्या भेटीत दुरुस्तीला आणला होता. नवी काच बसवून तयार आहे. डबी हातात धरून अंगणात खुर्ची टाकून बसतात. काम करणाऱ्यावर दडपण येतं. तसं स्पष्ट सांगितलं. खुर्ची आत नेली त्यांनी.

२१ ऑगस्ट
भाजीवाला दारात. टेम्पो टेकडीपलीकडेच चाललाय, बाबांना सोडतो म्हणाला. आमच्या हिचीच फूस असणार. बाबा तर शर्ट बदलून, चपला घालून तयार! मी भाजीवाल्याला परत पाठवलं. घरात ट्रक असताना बाप दुसऱ्याच्या टेम्पोतून जाणार, म्हणजे माझं नाक कापलं ना. शिवाय तो टेम्पो टू-व्हील ड्राइव्ह. म्हाताऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालायचा? ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. कामाला शांतता मिळाली.

२६ ऑगस्ट
ट्रक जॅकवर उचलून चालू केला. चारही चाकं फिरली! डोळे भरून आले. ही म्हणाली, पुढची उलटी फिरताहेत. ती ट्रकच्या समोर उभी होती. समोरून तसंच दिसणार.

२७ ऑगस्ट, सकाळी ८
आज निघायचं. बाबा इस्त्रीच्या शर्टात, डबी खिशात. मी स्वतः हात धरून केबिनमध्ये बसवलं. आत्याला फोन केला. वाट बघते म्हणाली.

२७ ऑगस्ट, दुपारी
मागची चाकं पुढे, पुढची मागे. ट्रक जागच्या जागी. जोर लावला. चिखल छपरापर्यंत उडाला, मग खालून धाडकन आवाज, नवा गिअरबॉक्स फुटला. पण नोंद घ्यावी अशी गोष्ट : चारही चाकांखालचे खड्डे सारखेच खोल. पट्टीने मोजले. म्हणजे ताकद समान वाटली जातेय. तत्त्व सिद्ध झालं. मोजमापाच्या नादात बाबांना उतरवायचं राहिलं. तासाभराने हिने उतरवलं.

२९ ऑगस्ट
आत्या पहाटे गेली.

बाबा भाजीवाल्याच्या टेम्पोतून गेले. मागे बटाट्याची पोती होती. पस्तीस मिनिटांत पोचले, कुठे अडकले नाहीत, हे हिने मला दोनदा ऐकवलं. बटाटे वेगळे, वाळू वेगळी. पण वाद घालायची ही वेळ नव्हती.

बाबा संध्याकाळी आले. आत्याने परवा सकाळपासून पलंग खिडकीशी सरकवून घेतला होता म्हणे, ट्रक येताना दिसावा म्हणून. चष्म्याशिवाय तिला काय दिसणार होतं?

१ सप्टेंबर
बाबा आज आपणहून अंगणात आले. चष्म्याची डबी माझ्या पान्यांच्या पेटीवर ठेवली. रिकामी होती, चष्मा आत्यापाशीच ठेवून आले म्हणे. नट, वायसर ठेवायला होईल म्हणाले. मग म्हणाले, आता घाई करू नकोस, सावकाश होऊ दे, मला आता कुठे जायचं नाही.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाबांनी माझ्या कामात खोट काढली नाही. उशिरा का होईना, माणूस बदलतो. आता नवा गिअरबॉक्स शोधतो.

डबी मात्र कामाची निघाली. बारीक वायसर बरोबर मावले.