नावाडिणीचं ‘आपण’

आई,

आज ऑफिसात एका शब्दावरून माझं भांडण झालं आणि ते संपल्यावर लक्षात आलं, की मी समोरच्याशी भांडतच नव्हते. तुझ्याशी भांडत होते. तो बिचारा मधे सापडला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्या वयाला येऊन पोचले आहे, तरी राग जागच्या जागी आहे. लोक याला शिळ्या कढीला ऊत म्हणतील. म्हणोत बापडे, कढी माझी आहे.

मी काय काम करते ते तुला माहीत नाही. माहीत असतं तर तू हसली असतीस. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी व्हिडिओ गेम मराठीत आणते. पात्रं इंग्रजीत बोलतात, मी त्यांना मराठी बोलायला लावते. सकाळी कंपनीची बस मला पेठेजवळून उचलते आणि वाकडच्या गर्दीत निवांत उभी राहते, तेवढ्यात माझं निम्मं काम बसमध्येच होतं. या धंद्यात राहून मला एक कळलं आहे, की गेमच्या गोष्टीत लोकांच्या लक्षात राहतो तो धक्का. ज्याला इतका वेळ शोधत होतो तो आपणच निघतो, कानात वाट सांगणारा आवाज शत्रूचा असतो, किंवा ज्या राजासाठी लढलो तोच गाव जाळणारा असतो. पुस्तकात असं काही घडलं की वाचणारा म्हणतो, अरेरे, फसला बिचारा. गेममध्ये तसं म्हणायची सोय नसते, कारण तिथे चालत गेलेली पावलं आपली असतात. बटण आपण दाबलेलं असतं. चांगला लिहिणारा आपल्याच हातून आपला घात करवतो आणि मग शांतपणे म्हणतो, बघ, तूच केलंस. लोक अशा गेमला पाच तारे देतात.

सध्याचा गेम तुरुंगातून पळण्याचा आहे. एक म्हातारा पहारेकरी कैद्याला बाहेर काढतो, भिंतीतल्या वाटा दाखवतो, जखम बांधतो, आणि प्रत्येक वाक्यात ‘वी’ म्हणतो. ‘वी’ सकाळपर्यंत बाहेर असू, ‘वी’ घाबरायचं नाही. शेवटी कळतं की त्याच्या त्या ‘वी’त कैदी कधीच नव्हता. तो आणि तुरुंगाचा अधिकारी, एवढेच होते. कैद्याच्या मागोमाग जाऊन त्यांना त्याचे लपलेले साथीदार पकडायचे होते. इंग्रजीत हे बिनबोभाट जमतं. आपल्याकडे पंचाईत. ऐकणाऱ्याला धरलं तर ‘आपण’, वगळलं तर ‘आम्ही’, आणि पहिल्याच वाक्यात काय ते ठरवावं लागतं. इंग्रजांनी इथे एवढं राज्य केलं, पण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत कधी फरक केला नाही. कदाचित म्हणूनच जमलं असेल.

माझ्याबरोबर काम करणारा मुलगा यवतमाळचा आहे, हुशार आहे. तो म्हणाला, “मॅडम, ‘आम्ही’ टाकलं तर पहिल्याच सीनमधे ट्विस्ट फुटून जाते. ‘आपण’च ठेवू ना. धोका द्यायचा तर पूर्ण द्यायचा.” मी म्हणाले, असं चालणार नाही. त्याने विचारलं, का? आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, “तोंडाने आपण म्हणायचं आणि मनात आपल्यात धरायचं नाही, याला ट्विस्ट नाही म्हणत, नीचपणा म्हणतात!” आजूबाजूच्या टेबलांवरची डोकी वळली. तो हळूच म्हणाला, “मॅडम, गेम आहे तो.” मग मी चहा आणायला गेले, आणि चहा न घेताच परत आले.

तुला नारायण पेठेतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं का? म्हणजे तुला काय आठवणार, मलाच आठवतं. दोन खोल्यांत चालू स्थितीतला प्लग एकच, तो ओट्याच्या शेजारी, म्हणून कॉम्प्युटर डाळींच्या डब्यांना खेटून ठेवलेला. बाबा चिंचवडच्या कारखान्यात, त्यांची दुपारपाळी. तू मागच्या गल्लीतल्या छापखान्यात प्रुफं वाचायचीस, आणि उरलेली घरी आणायचीस. दहावीच्या निकालाला तू मला गेमची सीडी दिलीस. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, मुलीला एखादं चांगलं पेन तरी द्यायचं.” तू म्हणालीस, “पेन आहे तिच्याकडे. गेम नव्हता.” काकू नंतर आठवडाभर आपल्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत.

माझं इंग्रजी मराठी शाळेतलं. त्या गेममधले लोक बोलायला लागले की मी तुझ्याकडे बघायची. मग मी कळा दाबायच्या आणि तू मेथी निवडता निवडता पडद्यावरची अक्षरं मराठीत वाचून दाखवायचीस, अशी आपली वाटणी झाली. पुरात बुडालेला मुलूख, भावाला शोधायला निघालेली मुलगी, आणि तिला होडीतून पलीकडे नेणारी एक बाई. तू तिचं नाव नावाडीण ठेवलंस. ती मुलीला प्रत्येक घाटावर एक दिवा लावायला सांगते. तुझ्या आवाजात ती बोलतेय, जरा घोगरी, थोडी तुसडी, अगदी आपल्या पेठेतली वाटावी अशी. “आपण अंधाराआधी पोचू. आपण दोघी आहोत ना, मग झालं तर. दिवा लाव, बाळ.” मी दिवा लावते. मला ती बाई इतकी आवडायला लागते की होडीतून उतरायचं असलं तरी मी उगाच एक फेरी जास्त मारते.

तिने फसवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. दिवे वाटेसाठी नव्हतेच. मागून येणाऱ्या लुटारूंना रस्ता कळावा म्हणून होते, आणि ती त्यांचीच बाई होती. ते भावाच्या गावापर्यंत दिवे बघत बघत आले. प्रत्येक दिवा मी लावला होता. मी खुर्चीवरून उठले आणि नावाडिणीला सोडून तुलाच धरलं. “तू फसवलंस! तू आपण, आपण का म्हणत होतीस?” तू म्हणालीस, “त्यांनी ‘वी’ लिहिलंय. तिच्या पोटात काय आहे ते मला काय ठाऊक?” मी म्हणाले, “खोटं बोलू नकोस, तुला आधीच कळलं होतं.” तू मेथीच्या काड्या गोळा केल्यास आणि म्हणालीस, “आलं होतं लक्षात. सांगितलं असतं तर लावले असतेस का दिवे?” मग कुकर लावायला उठलीस. मला त्या उत्तराचं तेव्हा हसू आलं. आता येत नाही.

कारण ते दिवस कुठले होते, हे मला नंतर कळलं. गेम रेंगाळत दोन वर्षं चालला होता; तेव्हा मी बारावीत होते, आणि तू नुकतंच दर मंगळवारी येरवड्याला जायला लागली होतीस. तिथल्या एका छापखान्याचं काम मिळालंय म्हणालीस. पुण्यात येरवड्याला जाते म्हटलं की लोक तुरुंग नाहीतर वेड्यांचं इस्पितळ समजतात, ते तुला चांगलं ठाऊक होतं. दारातून वळून म्हणायचीस, “काकूंनी विचारलं तर सांग, स्वखुशीने गेलीय.” मी खदखदून हसायची. तुझी पाण्याची बाटली मी भरायची. स्टॉपपर्यंत तुझी पिशवी मी न्यायची, आणि बस आली की गर्दीत घुसून तुझ्यासाठी जागाही मीच धरायची. तू केस बारीक कापलेस, म्हणालीस प्रुफं वाचताना डोळ्यांवर येतात. डोक्याला स्कार्फ बांधायला लागलीस, आणि या गावात बाईने स्कार्फ बांधला तर कोण वळून बघतं? संध्याकाळी दमून यायचीस तेव्हा मी विचारायची, “फार चुका होत्या का गं?” तू म्हणायचीस, “होत्या.” आई, एवढ्या बाटल्या भरल्या मी. माझ्याच हातांनी.

परीक्षेत फिजिक्सचा पेपर झाला त्या दिवशी बाबा स्कूटर घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे होते. एरवी ते कधी येत नसत. मी मागे बसून पेपरातले प्रश्न सांगत होते आणि घराकडे न वळता आम्ही नदी ओलांडली. येरवड्याला जातोय हे कळल्यावर मी छापखान्याची पाटी शोधायला लागले. खरंच शोधत होते गं. एका खासगी इस्पितळाच्या जिन्यावर बाबा थांबले, माझ्या हातातलं परीक्षेचं पॅड त्यांनी काढून घेतलं आणि म्हणाले, “आम्ही ठरवलं होतं, तुझी बारावी होईपर्यंत तुला सांगायचं नाही.” पुढे ते बरंच काही बोलले, आजाराचं नाव, डॉक्टर काय म्हणतात वगैरे. मला मात्र पहिला शब्दच ऐकू आला. आम्ही. म्हणजे स्वयंपाकघरात, बसस्टॉपवर, मेथी निवडताना तू ज्याला ‘आपण’ म्हणत होतीस त्याच्या मागे एक ‘आम्ही’ होतं, आणि त्यात मी नव्हते. नावाडीण परवडली. ती निदान माझी कुणी नव्हती.

माझ्या भल्यासाठी केलंत, हे मला सगळ्यांनी सांगून झालं आहे. मार्कही चांगले पडले, पेढे वाटायला कुणी उरलं नाही एवढंच. पण मला कुणी विचारलं का, की तुला मार्क हवेत की आईबरोबरचे मंगळवार? मी तुझ्या शेजारी बसले असते. खिडकीबाहेर बघत बसले असते, काही न बोलता. ते मंगळवार तू माझ्याकडून काढून घेतलेस, आणि वर मलाच तुझी पिशवी उचलायला लावलीस. याला मी अजूनही फसवणूकच म्हणते, आणि तू समोर असतीस तर तोंडावर म्हणाले असते.

तर आज दुपारी मी त्या मुलाला सॉरी म्हणाले आणि आम्ही परत पहारेकऱ्यापाशी आलो. आणि मला अचानक तुझं ओरडणं आठवलं. शाळेत असताना मी निबंधात लिहिलं होतं, ‘आपण सहलीला जाऊ, आपण मजा करू, आपण परत येऊ.’ तू छापखान्यातल्या लाल पेनाने तिन्ही ‘आपण’ उडवलेस आणि म्हणालीस, “क्रियापद धडधाकट असताना सर्वनामाला कशाला दमवतेस?” खरंच की. ‘जाऊ’, ‘करू’, ‘येऊ’. ‘आपण’ असो नाहीतर ‘आम्ही’, क्रियापद तेच राहतं. शब्द गाळला की दोन्ही पोटात मावतात. मी भराभर लिहीत गेले. ‘उजाडायच्या आत बाहेर असू.’ ‘वाट सापडेल, घाबरायचं नाही.’ पहारेकरी खोटं बोलला नाही आणि त्याचं बिंगही फुटलं नाही. तो मुलगा म्हणाला, “मॅडम, हे तं एकदम भारी झालं! कोणी शिकवलं?” मी म्हणाले, “घरीच.”

आणि तिथेच माझं डोकं परत फिरलं. हा उपाय मला तासाभरात सुचला, तर तुला न सुचणं शक्यच नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांची फालतू सर्वनामं उडवणारी बाई तू. तरी नावाडिणीच्या प्रत्येक वाक्यात तू ‘आपण’ घातलंस, मुद्दाम, ठासून. गेम लिहिणाऱ्यांनी फक्त लपवलं होतं, खोटं तू बोललीस. संध्याकाळच्या बसमध्ये मी हेच घोकत बसले होते. मग बस नेहमीच्या ठिकाणी अडकली आणि दुसरा एक विचार आला, जो मला अजिबात आवडला नाही. ‘आपण दोघी आहोत ना, मग झालं तर.’ हे वाक्य पडद्यावर होतं का? की ते मंगळवारी येरवड्याहून परत आलेली बाई मेथी निवडता निवडता स्वतःच्या पदरचं बोलत होती? तपासायला मी तो गेम पुन्हा कधी लावलेला नाही. त्याचा शेवटही बघितलेला नाही. जखमी नावाडीण वाळूत पडलेली असते आणि तिला होडीत घ्यायचं की तिथेच सोडायचं, ते मुलीने ठरवायचं असतं, तिथे आपण थांबलो होतो. दुसऱ्यांना बसणारे धक्के मी पगार घेऊन मराठीत आणते, आणि स्वतःच्या गेमचा शेवट मला माहीत नाही.

हे सगळं मी कामाच्या फाईलच्या तळाशी लिहितेय. सकाळी फाईल पुढे पाठवायची आहे, त्याआधी हे खोडावं लागेल, नाहीतर पहारेकऱ्याच्या तोंडी जाईल. तुझ्यापर्यंत तर ते तसंही जाणार नाही. पण खोडायच्या आधी एक गोष्ट कबूल करते. इस्पितळात तुझ्या कॉटपाशी मी उभी होते, तुला माहीत होतं की मला कळलंय, तरी तू पेपर कसा गेला ते विचारलंस आणि मग म्हणालीस की मे महिन्यात शेवट खेळू. मे काही आला नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले आहे, की आईचं शेवटचं वाक्य खोटं होतं, ‘मे महिन्यात आपण शेवट खेळू.’ आज बसमध्ये ते वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. आई, तू ‘आपण’ म्हणाली होतीस की नाही, ते मला आठवत नाही. ‘खेळू’ तेवढं आठवतं.