दोघींच्या नावाचं घर

ताई, काल आपल्या घराचा करार पुन्हा झाला. तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले आहे. 'आपल्या' म्हटलं खरं, पण घर मालकाचं, आपण नेहमीच्या भाडेकरू. तरी नाशिकरोडच्या या दोन खोल्यांना तुम्ही कधी 'भाड्याची जागा' म्हटलं नाहीत, आणि मलाही म्हणू दिलं नाहीत.

तुमच्याकडे आले तेव्हा मी नवऱ्याचं घर सोडलं होतं. आधी त्र्यंबकला माहेरी गेले. वडील यजमानांची पूजा सांगत होते, मधेच उठून ओटीवर आले आणि म्हणाले, "चार दिवस राहा, मग समजूत काढून पोचवतो." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथूनच आत वळली. मी त्याच दिवशी एसटीने परत फिरले आणि नाशकात खोली शोधू लागले, तर प्रत्येक मालकाला माझ्याआधी माझा नवरा बघायचा होता. तुम्ही आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्क, साहेबांनाही सुनावणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत माझं रडगाणं ऐकून घेतलंत आणि डब्याचं झाकण लावत म्हणालात, "मला आडनाव विचारून नाही म्हणायचे, तुला नवरा विचारून म्हणतात. चल माझ्याकडे. फक्त लसूण खावा लागेल." म्हणजे किती, ते पहिल्याच भाजीत कळलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि तुम्ही मनापासून हसलात. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, सकाळी तुमची वंदना, आणि आतल्या खोलीत त्र्यंबकच्या गुरुजींची मुलगी, असा आपला संसार सुरू झाला.

मी मात्र प्रत्येक गोष्ट विचारून करायची. ताई, चहा ठेवू का? ताई, पंखा लावू का? शेजारणीने विचारलं की सांगायची, थोड्या दिवसांसाठी आलेय. ते एकदा तुमच्या कानावर गेलं. भांडी घासता घासता तुम्ही वळून म्हणालात, "तू घरात राहतेस का एसटी स्टँडवर बसलीस?" मी रडले, तर तुम्ही आणखी चिडलात. आणि पुढच्याच रविवारी घरमालकांना आणि करार करणाऱ्या एजंटला बोलावून घेतलंत.

मालक सज्जन होते, पण घाबरट. "नाव कशाला घालता मॅडम? राहतायत तशा राहू द्या की. कोण विचारतंय?"

"उद्या मी नसले तर तुम्हीच विचाराल, तू कोण म्हणून."

"आणि यांचे मिस्टर दारात येऊन तमाशा करायला लागले तर?"

"दार मी उघडीन," तुम्ही म्हणालात. तुम्ही दार उघडल्यावर त्याचं काय झालं असतं हे मालकांच्याही डोळ्यांपुढे आलं असावं. त्यांनी एजंटला खूण केली.

एजंटने लॅपटॉपला एक छोटं मशीन जोडलं. "मॅडम, इथे अंगठा."

"पेन द्या."

"पेन नाय लागत आता. सगळं ऑनलाइन हे. अंगठाच घेतं हे."

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुमची आई खडी फोडायला जायची, मजुरी घेताना मस्टरवर अंगठा उठवायची, आणि घरी येऊन ती शाई केसांना पुसायची. हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतंत. सही हा तुमचा अभिमान होता, ठसठशीत, खाली रेघ ओढलेली. आधार कार्डाला दहाही बोटं घेतात, अंगठा वेगळा काढत नाहीत, म्हणून ते चालवून घेतलं, असं तुमचं म्हणणं. मी हळूच म्हटलं, "ताई, राहू द्या. मी अशीच राहीन."

"तू गप."

आणि तुम्ही अंगठा ठेवलात. मशीन घेईना. एजंट म्हणतोय, पुसून ठेवा, जोरात दाबा. तुम्ही पुन्हा ठेवताय, पुन्हा दाबताय, माझ्याकडे बघत नाही आहात. शेवटी एकदाचा आवाज आला. शाई नव्हतीच, तरी तुमचा हात केसांकडे गेला. "आता तुझा," तुम्ही म्हणालात. माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं, ताई. नंतरही कुणी केलं नाही.

पुढे तापाचं निमित्त होऊन दवाखान्यात गेलात त्या परत आलाच नाहीत. तुमच्या पुण्यानुमोदनाला माणसं मावली नाहीत. सगळं आटोपल्यावर मालक आले. मी मनातल्या मनात सामान बांधून ठेवलं होतं. एरवी बोलत बोलत थेट आत येणारा तो माणूस उंबऱ्याबाहेर थांबला आणि मला म्हणाला, "येऊ का आत?" मग बसून म्हणाला, "तुमचं नाव आहेच करारावर. राहणार ना?" मी हो म्हटलं. ते गेल्यावर पोटभर रडले, आणि त्यात तुमच्या जाण्याचं दुःख किती आणि घर राहिल्याचं समाधान किती, हे मला वेगळं काढता आलं नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली. भावांकडे तिचं मन रमेना. म्हणून काल करारावर माझ्याबरोबर तिचं नाव घातलं. आता व्यवहार मालकांचा मुलगा बघतो. जुने कागद चाळताना त्याने सहज विचारलं, "या आधीच्या मॅडम तुमच्या कोण लागायच्या?" मी शब्द शोधत राहिले. मोठी बहीण म्हणावं, साहेब म्हणावं, काय म्हणावं? तेवढ्यात आई बोलली. "हिची आई होती ती. मी हिला घरात घेतलं नाही, तिने घेतलं."

तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला. आई खाली बघत बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं, आणि बसलेही, पण जरा वेळाने. खरं सांगू का ताई, तेवढा वेळ मला तिचा राग आला होता. ते वाक्य मला म्हणायचं होतं, तुम्ही असताना, तुमच्यासमोर.