राजश्रीचं मेडिकल

६ नोव्हेंबर

निवडली! बेंगळूरहून आत्ताच फोन आला. लष्कराची पाच दिवसांची मुलाखत, पोरींच्या घोळक्यातून दोघीच उरल्या, त्यात आमची नात राजश्री. आता लष्करी दवाखान्यातली तपासणी तेवढी राहिली — ही पोरं तिला मेडिकल म्हणतात — आणि मग गुणांची यादी. यादीत नाव आलं की चेन्नईला, अधिकारी घडवतात तिथं. तोफखाना मागणार म्हणते. आमच्या कोहिनूर गावची पोर, आणि तोफखाना!

तिच्या आजीला, पार्वतीला सांगितलं. भाकर थापत होती. बरं झालं, एवढंच म्हणाली. भाकर करपली मात्र.

८ नोव्हेंबर

पोरगी घरी आली. गुडघे सोललेत, पण तोंड उजळलंय. मुलाखतीत साहेबांनी विचारलं म्हणे, घरात कोण लष्करात होतं? ही म्हणाली, कुणी नाही, पण आजी आहे. साहेब हसले.

खोटं काय त्यात? रत्नपाल आणि सूनबाई जहिराबादला कारखान्यात. पोर दुडुदुडु चालायची तेव्हापासून आमच्यापाशी. वेणीफणी, शाळा, ताप-खोकला, सगळं पार्वतीनं केलं. कलबुर्गीला कॉलेजात होती तेव्हाही दर शनिवारी डबा जायचा.

संध्याकाळी चहाच्या हॉटेलात उद्धवरावांनी टोमणा मारलाच. "रामराव, नातीला तोफ वढायला लावायलास व्हय? लगीन लावून दे की."

मी म्हटलं, "वढायला गाडी असती उद्धवराव. ही उडवायला जायली." सगळं हॉटेल हसलं. तेही हसले. मनाचा वाईट नाही माणूस.

११ नोव्हेंबर

राजश्रीला घेऊन बसवकल्याणला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, नेत्रावतीबाईंकडे. मेडिकलला कानाचा पडदा लख्ख दिसावा लागतो. हिच्या एका मैत्रिणीला नुसत्या मळापायी थांबवलं होतं, बिचारीला दुसऱ्यांदा तपासणी द्यावी लागली. बाईंनी कान साफ केले आणि कानडीत बजावलं — मेडिकल होईपर्यंत कानात काही घालायचं नाही. काडी नाही, कापूस नाही, औषधाचा थेंबही नाही. मला अज्जा अज्जा करत चहा पाजला. अशी माणसं भेटतात म्हणून बरं.

जेवताना राजश्रीनं हे सगळं आम्हा दोघांना पुन्हा सांगितलं.

१४ नोव्हेंबर

राजश्री दुपारच्या बसनं मेडिकलला गेली. मी रिक्षा बघायला आधीच बाहेर पडलो होतो. पार्वती दारातच थांबली, रस्त्यापर्यंत आली नाही.

१९ नोव्हेंबर

नको तेच झालं.

राजश्रीचा फोन. दोन्ही कानांत तेल! डॉक्टरला पडदा दिसेना. कागदावर लिहिलं — तूर्त अपात्र. आता पुण्याला, मोठ्या लष्करी दवाखान्यात एकदाच दाखवता येतं. तिथंही नाही म्हटले की संपलं. पुढच्या खेपेला वय बसत नाही. एवढी वर्षं पळाली पोर, आणि अडलं कुठं, तर तेलात!

कसं झालं ते मला लगेच उमगलं. आपल्याकडं प्रवासाला निघणाऱ्याच्या कानात तेल घालतात, लसूण कढवून, कोमट. वारं लागू नये म्हणून. माझं लग्न झाल्यापासून पार्वती माझ्या कानात घालते. मी रिक्षाला गेलो तेवढ्यात हात सवयीनं वाटीकडं गेला असणार. तिला काय बोलू? माया करायची तिला हीच रीत ठाऊक.

राजश्री म्हणाली, "आबा, आजीपाशी कानाचं काढू नका. वजन कमी भरलं म्हणा. पप्पांलाबी तेच सांगा."

तसं सांगितलं. पार्वतीनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग उठली आणि फळीवरून डिंकाचा डबा काढला.

२४ नोव्हेंबर

वजन वाढावं म्हणून घरात डिंकाचे लाडू. राजश्री मुकाट खाते, वर गोड हसते. मी मात्र माझा लाडू गुपचूप डब्यात परत ठेवतो. खोटं बोलायची सवय नाही, आणि या वयात लागायची नाही.

पोरगी पहाटे उठून तुरीच्या शेतांमधल्या रस्त्यानं पळते. पार्वती ती परत येईपर्यंत ओट्यावर बसून. काल मी विचारलं, थंडीत कामून बसायलीस? पदर कानावरून घेतला आणि रस्त्याकडंच बघत राहिली.

३० नोव्हेंबर

रविवार असून नेत्रावतीबाईंनी आमच्यासाठी दवाखाना उघडला. आधी रागावल्या. नको म्हटलं होतं की नाही? राजश्री खाली बघून म्हणाली, माझंच चुकलं. मग बाईंनी हळूहळू सगळं काढलं, दोनदा तपासलं, आणि हिच्या पाठीवर थाप मारली. निघताना त्यांना हात जोडले तर त्यांनी माझे हातच धरले. रक्ताचं ना नात्याचं, तरी माणूस एवढं करतं.

६ डिसेंबर

विहारात मेणबत्ती लावली. बाबासाहेबांपुढं आपण मागणं मागत नसतो. आभार मानले, आणि उगीच उभा राहिलो.

११ डिसेंबर

फिट! पुण्याहून फोन. फिट!! राजश्रीला आधी बोलवेना, मग मला लिहवेना.

२ मार्च

यादी लागली. नाव आहे. रत्नपालनं जहिराबादहून फोन केला, आणि बाप-लेक दोघंही नुसते हुंदकेच देत राहिलो. गावात हलगी वाजली. उद्धवराव शाल घेऊन आले, फोटोत राजश्रीच्या अगदी शेजारी उभे राहिले आणि सगळ्यांना सांगत सुटले, आमच्या गावची पोर हाय ही, लई दिवस म्हणत होतो मी. म्हणू दे. आज कुणाशी वाकडं नाही. कुणाकुणाचं देणं मानू? नुसती नावं घेत बसलो तरी दिवस सरेल.

पार्वतीनं सगळ्यांना चहा केला. स्वतः घेतला नाही.

२८ मार्च

राजश्री चेन्नईला गेली. या वेळी पार्वती बसपर्यंत आली. पिशवीही तिनंच उचलली, मला हात लावू दिला नाही. बस वळणाआड गेली तरी दोघं तिथंच. जयभीम म्हणत येणारा-जाणारा थांबायचा, पोरीचं विचारायचा.

घर मोठं वाटतंय.

३० मार्च

सकाळी तूर निवडता निवडता पार्वती आपणहून बोलली.

"वजनाचं खोटं हाय ते मला त्याच दिवशी कळलं. तेल मी सवयीनं न्हाई घातलं. डाक्टरीणबाईनं नको म्हणलेलं मला चांगलं ऐकू आलतं."

माझा हात सुपातच राहिला. म्हटलं, राजश्रीला हे कधी कळू देऊ नको.

"तिला ठावंच हाय," ती म्हणाली. "वाटी बघितली, माझ्याकडं बघितलं, अन् मांडीवर डोकं ठिवलं. म्हणली, घाल आजी. मी पुन्यांदा जाईन."